डॉक्टरांच्या खोलीत दाजी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या दाजींचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहायला पाथरीला, एसटीचे ड्रायव्हर. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. गावातली शाळा सातवीपर्यंत. त्यानंतर आक्का आणि दाजी मला पाथरीला घेऊन आले आणि त्यांच्या दोन खोल्यांपैकी एक माझ्या पुस्तकांना दिली. दाजी ड्यूटीवरून आले की खाकी शर्ट खुंटीला लावायचे आणि मला अभ्यास करता यावा म्हणून गप्प बसायचे. पण गप्प बसणं हे त्यांच्या प्रकृतीला मानवणारं नाही. थोडा वेळ धीर धरून ते बाहेर ओट्यावर जायचे आणि तिथे जो भेटेल त्याच्याशी बोलून मोकळे व्हायचे.

परभणीला बीएस्सीला होतो तेव्हा माझा डबा रोज एसटीने यायचा. आक्का पहाटे भाकरी करायची, दाजी तो स्टीलचा डबा ड्रायव्हरच्या सीटमागे अडकवायचे. त्यांची ड्यूटी दुसऱ्या मार्गावर असली तर दुसऱ्या ड्रायव्हरच्या हवाली करायचे. पाथरी डेपोतल्या प्रत्येक ड्रायव्हर-कंडक्टरने कधी ना कधी माझा डबा वाहिलेला आहे. त्या डब्यावर मी पदवीधर झालो, पुढे बीएड केलं आणि सेलूच्या एका शाळेत विज्ञानाचा शिक्षक म्हणून लागलो.

दाजींची एक सवय मात्र आहे. ते माझ्या वतीने उत्तरं देतात. कॉलेजच्या खिडकीवर क्लार्कने विचारलं, कोणते विषय घेणार, तर मागून दाजी म्हणाले, "समदे." शाळेच्या मुलाखतीत संस्थेच्या अध्यक्षांनी मला प्रकाशाच्या अपवर्तनाबद्दल विचारलं, तेवढ्यात दार उघडून दाजींचं डोकं आत आलं. "येतंय त्याला. इचारा बिनधास्त." चारठाण्याला मुलगी पाहायला गेलो तेव्हा मुलीच्या काकांनी मला आवडीनिवडी विचारल्या. दाजी म्हणाले, "त्याला काय बी आवडतंय." तीच मुलगी आज माझी पत्नी आहे, आणि भाजीत मीठ कमी पडलं की ती हे वाक्य मला ऐकवते.

तर गेल्या वर्षी शाळेची तपासणी होती म्हणून प्रयोगशाळेतलं लोखंडी कपाट मी आणि शिपाई मिळून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवलं. जांघेत काहीतरी चमकलं. काही दिवसांनी अंघोळ करताना उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा हाताला लागला. खोकललं की बाहेर, आडवं झालं की आत. हर्निया म्हणजे काय हे मला माहीत होतं. पोटाच्या भिंतीत जिथे कमजोर जागा असते तिथून आतडं बाहेर डोकावतं. आमच्याकडे त्याला अंतर्गळ म्हणतात. मी दाजींना फोन केला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "खोकलल्यावर भाईर येतंय?"

"हो."

"निजल्यावर आत जातंय?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"डेपोत एकाला हाय," दाजी म्हणाले आणि लगेच नेहमीच्या आवाजात ओरडले, "तू काय काळजी करू नको. मी येतो संगं."

आमच्या जिल्ह्यात डॉक्टरच्या खोलीत कोणी एकटा जात नाही. पेशंटबरोबर एक जण धीराला असतो, एक फाइल धरायला आणि एक डॉक्टरांच्या ओळखीचा. शिवाय वेळ वाया जाऊ नये म्हणून पुढचे दोन नंबर आधीच आत स्टुलावर बसवलेले असतात. डॉक्टर एकाला तपासतात, दुसऱ्याला औषध लिहून देतात आणि तिसऱ्याचं ऐकत असतात. खोकला, गुडघा, साखर असल्या दुखण्यांना ही पद्धत सोयीची आहे. शेजारच्या स्टुलावरून सल्लाही मिळतो.

परभणीच्या सर्जनने मला हिरव्या पडद्यामागे नेलं. मागोमाग दाजीही आले.

"तुम्ही कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी दाजी," दाजी म्हणाले, जणू ते डॉक्टरांचेही दाजी होते.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, आत बारीक जाळी बसवू, ती कायम आतच राहते. दाजींनी जाळी कशाची, गंजत नाही ना, दरवर्षी बदलावी लागते का, हे सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "आन गाडी? क्लच दाबायला कदी चालंल?"

"गाडी कोणती आहे यांच्याकडे?"

"स्कूटी," मी म्हणालो.

डॉक्टरांनी दाजींकडे पाहिलं. "स्कूटीला क्लच नसतो."

"बराबर हाय. पन समजा, असता तर?"

डॉक्टरांनी नाइलाजाने सांगितलं की मोठी, जड गाडी असेल तर महिना-दीड महिना थांबावं लागेल. दाजींनी अगदी सावकाश मान हलवली. मग डॉक्टर मला म्हणाले, "आणखी काही विचारायचंय?"

विचारायचं होतं. माझं लग्न झालेलं, मूलबाळ अजून नाही, आणि सुरी जिथे चालणार ती जागा अशी. पण एका स्टुलावर साखरेच्या दुखण्याची म्हातारी होती, दुसऱ्यावर हाताला पट्टी बांधलेला एक गृहस्थ होता, आणि दोघंही माझ्याकडे मोठ्या आस्थेने पाहत होते. मी घसा साफ केला. तेवढ्यात दाजी म्हणाले, "न्हाई, त्याला समदं माहीत हाय. सायन्सचा मास्तर हाय." पट्टीवाल्या गृहस्थाने आदराने पाय आखडून घेतले आणि आम्ही बाहेर पडलो.

ऑपरेशन चांगलं झालं. पाठीत इंजेक्शन दिल्यामुळे दुखलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी आधाराने बाथरूममध्ये गेलो आणि खाली पाहिलं. जांघेपासून खालपर्यंत सगळं काळं-जांभळं झालं होतं आणि असं फुगलं होतं की मला भरताच्या वांग्याची आठवण झाली. मी भिंतीला धरून उभा राहिलो. ठरवलं, डॉक्टर राउंडला आले की विचारायचं.

डॉक्टर आले तेव्हा माझ्या खाटेभोवती दोन घरचे पाहुणे आणि अर्धी स्टाफरूम होती. आमच्याकडे ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला जाणं हे लग्नाला जाण्याइतकंच जरुरीचं आहे. न गेल्यास ते वर्षानुवर्षं बोलून दाखवलं जातं. प्रत्येकजण केळी किंवा बिस्किटाचा पुडा घेऊन येतो आणि बसल्यावर पहिला प्रश्न विचारतो, "कुठं केलं ऑपरेशन?" मी चादरीवरून मोघम हात फिरवायचो. पण दाजींना मोघमपणा आवडत नाही.

"जांघंत," ते म्हणायचे. "पन बाकी काय धक्का न्हाई. बाकी समदं जाग्यावर हाय."

आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "असायलाच पाहिजे, असायलाच पाहिजे," आणि हातातल्या केळ्यांकडे पाहत राहिले. दाजींचा हेतू चांगला होता. लोकांनी नको त्या शंका घेऊ नयेत म्हणून ते आधीच खुलासा करत होते. पण एकही शंका न घेता आलेला माणूस हा खुलासा ऐकून शंका घेऊन परत जायचा. तिसऱ्या दिवसापर्यंत 'बाकी' या शब्दावर दाजी इतका जोर देऊ लागले की खुद्द मलाच घोर लागला.

"काय, कसं वाटतंय?" डॉक्टरांनी राउंडमध्ये विचारलं.

"एकदम फस्कलास," दाजी म्हणाले. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

शाळेत रुजू झालो तेव्हा स्टाफरूममध्ये मला गादीची खुर्ची देण्यात आली. खेळाचे शिक्षक माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाले, "सर, मनाला लावून घेऊ नका. आजकाल शिकलेले लोक दत्तकसुद्धा घेतात."

सूज उतरली, जांभळेपणा गेला, टाके सुकले. डॉक्टरांनी सांगितलेली जपण्याची मुदत संपली. आता जे लिहितो ते संकोच सोडून लिहितो, कारण संकोचानेच पुढचा घोळ झाला. पती-पत्नी म्हणून आम्ही पुन्हा जवळ आलो तेव्हा अगदी नेमक्या क्षणी जांघेत आतून कोणी तार ओढावी तशी कळ आली. माझ्या तोंडातून "आई गं" निघालं. पत्नीला वाटलं, मी कौतुकाने म्हणालो. पुढच्या वेळी कळ येण्याआधी भीती आली. आणि एकदा भीती हजर झाल्यावर बाकी कोणी हजेरी लावलीच नाही. त्याच्या पुढच्या वेळीही गैरहजर.

मी दहावीला पुनरुत्पादनाचा पाठ शिकवतो. दरवर्षी फळ्यावर आकृती काढतो, शुक्रवाहिनीला बाण काढून नाव देतो. आता ते पुस्तक उघडून बसलो तर दिसलं की ती नळी नेमकी जांघेतूनच जाते. मला वाटू लागलं, त्या बाणाच्या टोकाशीच डॉक्टरांनी जाळी ठोकली आहे. देवगाव फाट्यावर चहाच्या हॉटेलाशेजारी एक भिंत आहे. तिच्यावर पुरुषांच्या गुप्त तक्रारींवर खात्रीशीर इलाज असल्याचं निळ्या रंगात लिहिलेलं आहे. त्या भिंतीसमोरून मी आजवर शेकडो वेळा गेलो असेन. एके दिवशी ती पहिल्यांदाच पूर्ण वाचली, आणि माझी बस निघून गेली.

मी पुढच्या खोलीत सतरंजी टाकून झोपू लागलो. पत्नीने कारण विचारलं.

"गादी मऊ पडते. चालत नाही मला."

"ते पाठीच्या दुखण्याला चालत न्हाई," ती म्हणाली. "तुमचं तर पुढचं हाय."

पुढे तिने विचारणं सोडलं. ती शिवणकाम करते. मशीनचा आवाज वाढत गेला आणि आमचं बोलणं कमी होत गेलं. तिच्या भावाच्या मुलाचं जावळ होतं, म्हणून ती चारठाण्याला निघाली. पिशवी भरून झाल्यावर दारात उभी राहिली.

"लवकर येऊ का सावकाश?"

"तुझ्या सोयीने ये," मी म्हणालो.

तिने पिशवी खाली ठेवली. "माझं काय चुकलं असंल तर सांगा. नकोशी झाले असंन तर तेबी सांगा. मी माणसाला इचारू शकते, भिंतीला कसं इचारू?"

मी तिची पिशवी उचलायला वाकलो. "राहू द्या," ती म्हणाली, "वजन उचलू नका," आणि स्वतःच उचलून गेली.

त्या दिवशी मी ठरवलं की डॉक्टरांना विचारायचंच, आणि एकट्याने विचारायचं. ऑपरेशननंतर दोनदा दाखवायला गेलो होतो, दोन्ही वेळा दाजी ड्यूटी बदलून बरोबर आले होते आणि दोन्ही वेळा माझी प्रकृती त्यांनीच सांगितली होती. "दाजी, तुम्ही बाहेर थांबा," हे वाक्य माझ्या जिभेवर कधी आलंच नव्हतं. ज्या माणसाने आपला डबा वाहिला त्याला दाराबाहेर थांबायला कसं सांगायचं?

पण एसटीने जाणं शक्य नव्हतं. प्रत्येक कंडक्टर मला दाजींचा मेव्हणा म्हणून ओळखतो. एकदा प्रशिक्षणाला जिंतूरला गेलो, तर मी बसमधून उतरायच्या आत दाजींचा फोन आला होता, "जिंतूरला कामून चाललास?" म्हणून मी सेलूहून रेल्वे धरली. गाडीत माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. परभणीला उतरलो, रिक्षा केली, दवाखान्याच्या पायऱ्या चढलो, आणि पाहतो तर बाकावर दाजी बसलेले.

ते खाकीत नव्हते. अंगात पांढरा शर्ट होता, जो ते फक्त लग्नाला घालतात. हातात केसपेपर होता, चार घड्या घातलेला. मला पाहून त्यांनी तो खिशात कोंबला.

"तू?" ते म्हणाले.

"तुम्ही?"

"मी... तुझ्याच कामासाठी आलतो. तुझी तपासनी कदी हाय ते इचारायला."

"मी पण तेच विचारायला आलो."

दोघंही बाकावर बसलो. दाजी समोरच्या भिंतीवरचं आतड्याचं चित्र पाहू लागले. मीही तेच पाहू लागलो. दाजींना बोलायला विषय सुचू नये, हे मी प्रथमच पाहत होतो. कंपाउंडर बाहेर आला. आम्हा दोघांना तो चांगला ओळखत होता. "दाजी-मेव्हणे, चला आत."

आत नेहमीप्रमाणे दोन स्टुलं भरलेली होती. डॉक्टरांनी मान वर केली. "कोण पेशंट?"

दाजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याच वेळी मी दाजींकडे दाखवलं, का ते मला अजून सांगता येत नाही. स्टुलावरची बाई हसली.

"कसं वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकदम फस्कलास," दाजी म्हणाले.

माझ्या डोळ्यांसमोर पिशवी घेऊन जाणारी पत्नी आली. मी म्हणालो, "दाजी, तुम्ही जरा बाहेर थांबा."

दाजींनी मागे वळून पाहिलं. मागे दुसरे कोणी दाजी नव्हते. ते उठले आणि बाहेर गेले. एकदा तोंड उघडल्यावर मला जोर आला. "आणि डॉक्टरसाहेब, यांनाही जरा," असं मी स्टुलांकडे पाहून म्हणालो. बाई कुरकुरत उठली. "आमाला काय करायचंय तुमचं ऐकून," असं म्हणत ती दाराला कान लागेल इतक्या जवळ जाऊन उभी राहिली. कंपाउंडरने दार लावलं.

मी पाठ्यपुस्तकी भाषेत सुरुवात केली. "शुक्रवाहिनीच्या मार्गात जर काही बाह्य पदार्थ..."

"दुखतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"केव्हा?"

"नेमकं तेव्हाच. आणि आता भीतीने पुढे हजेरीच लागत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला पडद्यामागे नेऊन नीट तपासलं, खोकायला लावलं, पुन्हा बसवलं आणि सावकाश सांगितलं. जाळी त्या नळीच्या शेजारून जाते, नळीत जात नाही. आत अजून थोडी सूज असते, बारीक नसा चिडलेल्या असतात, म्हणून काहींना त्या वेळी कळ येते. बहुतेकांची काही महिन्यांत कमी होत जाते. नाही झाली तर गोळ्या आहेत, नसेपाशी देण्याचं इंजेक्शन आहे, त्याच्याही पुढचे उपाय आहेत. सुरुवातीचा जांभळेपणा म्हणजे खाली उतरलेलं रक्त होतं. "आणि तुमची ती हजेरी," ते म्हणाले, कारण मी हजेरी हाच शब्द वापरला होता, "ती ऑपरेशनने गेलेली दिसत नाही. भीतीने गेली आहे. राउंडला मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"तेव्हा सात माणसं होती."

डॉक्टर म्हणाले, "खरं तर मीच आधी सांगायला पाहिजे होतं. फर्स्टक्लास ऐकलं की मीही पुढे जातो." मग विचारलं, "बायकोला सांगितलंय?"

"नाही."

"गोळ्या लिहून देतो. पण हे औषध आधी घ्या."

बाहेर आलो तर बाक रिकामा होता. "ते गेले," कंपाउंडर म्हणाला. "तुमच्या आधी त्यांचाच नंबर होता. अंतर्गळच आहे त्यांना. मागेही एकदा असेच नंबर लावून निघून गेले." हे त्याने मला सांगायला नको होतं, पण आमच्याकडे हे असं सांगतात. मला डेपोतला तो 'एक' आठवला, आणि स्कूटीचा क्लच आठवला.

मी तसाच चारठाण्याला गेलो. सासरी जावळाचे पाहुणे होते, एकही कोपरा रिकामा नव्हता. नवरा-बायकोला कोणी न हटकता दोघांनीच जाता येईल अशी जागा म्हणजे देऊळ. मी सासूबाईंना सांगितलं की आम्ही दर्शन घेऊन येतो. जुन्या देवळाच्या पायरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं, वांग्यापासून भिंतीपर्यंत.

"एवढंच?" ती म्हणाली. मग तिचा राग उसळला. "एवढ्यासाठी मला घोर लावलात? मी समजले, शाळेत कोनी नवी बाई आली." मग एकदम काहीतरी आठवून तिने पदर तोंडाला लावला. "म्हंजी ते आई गं म्हनलात ते..." आणि ती इतकी हसली की पुजाऱ्याने गाभाऱ्यातून डोकावून पाहिलं. ती माझ्याबरोबरच परत आली. पुढचं फार लिहीत नाही. घाई केली नाही, भीती आधी गेली, कळ नंतर कमी होत गेली. सतरंजी आता पत्नीच्या शिवणाच्या मशीनवर टाकायला वापरतो.

आणि मग आक्काचा फोन आला. दाजींचं दुखणं तिला केव्हाच कळलं होतं. खाकी पँटच्या आत पट्टा बांधून ते बस चालवत होते. फुगवटा आता आडवं झाल्यावरही पटकन आत जात नव्हता. ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हते. "म्हनतेत, मास्तरचं काय झालं बघितलं की," आक्का म्हणाली. "तू भाईरच्या खोलीत झोपायलास हे तुझ्या बायकोनं मला रडून सांगितलं होतं. मी ह्यांला बोलून बसले."

मी दोनदा पाथरीला गेलो. दोन्ही वेळा मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "तू ठीक हायस ना? ठीक हायस. बस, च्या घे." समोरासमोर दाजींशी बोलता येत नाही, कारण माझं बोलणंही तेच बोलतात. पत्रात मात्र त्यांना मधे बोलता येणार नव्हतं. म्हणून पत्र लिहिलं. पत्नीने धपाटे केले, पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्याच्या तळाशी ठेवलं, वर धपाटे लावले, आणि तोच जुना स्टीलचा डबा मी सेलू-पाथरी बसच्या ड्रायव्हरच्या हवाली केला. ते पत्र असं:

तीर्थरूप दाजींस,

साष्टांग नमस्कार. धपाटे आक्काला द्या आणि हे पत्र एकट्याने वाचा. वाचून झाल्यावर तिलाही द्यायला हरकत नाही.

तुम्ही माझ्यामुळे ऑपरेशन टाळताय असं कळलं. म्हणून माझं खरं काय झालं ते मी स्वतः सांगतो. तुम्ही इतके दिवस लोकांना सांगितलंत की बाकी सगळं जागेवर आहे. ते खरंच होतं. फक्त तेव्हा ते तुम्हालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

ऑपरेशननंतर सगळं काळंनिळं होतं आणि फुगतं. ते पाहून घाबरू नका. उतरतं. मी घाबरलो, कारण मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पुढे आक्काच्या जवळ जाल तेव्हा कदाचित कळ येईल. सगळ्यांना येत नाही. मला आली, आणि कमी होत गेली. तुम्हाला आली तर डॉक्टरांना सांगा, त्याला उपाय आहेत. कळ आली म्हणून आपण संपलो असं समजू नका. मी तसं समजलो आणि बाहेरच्या खोलीत झोपलो. ती चूक माझी होती, ऑपरेशनची नव्हती. आता मी आतल्या खोलीत झोपतो. याहून जास्त तुमच्या मेव्हण्याला लिहिता येत नाही, पण तुम्ही समजून घ्याल.

उलट तुम्ही जे करताय ते धोक्याचं आहे. फुगवटा बाहेर अडकला, दुखू लागला, उलट्या झाल्या, तर आतड्याचं रक्त बंद होतं आणि मग त्याच दिवशी धावपळ करून ऑपरेशन करावं लागतं. तुमच्यामागे पन्नास प्रवासी बसलेले असतात. मध्येच मानवत गावाच्या पुढे असं झालं तर ते कोणी बघायचं? पट्टा सोडा आणि आता जा.

दाजी, त्या दिवशी मी तुम्हाला बाहेर थांबा म्हणालो. तुम्हाला लागलं असेल. मला वाक्य जुळवायला फार वर्षं लागली म्हणून ते तोंडातून जरा कोरडं निघालं. पण ते बोललो म्हणून मला विचारता आलं, आणि विचारलं म्हणून माझा संसार रुळावर आला. माझ्या आयुष्यात प्रत्येक दारातून तुम्ही माझ्याबरोबर आत आलात. म्हणून तर मी इथपर्यंत आलो. पण या एका दारातून माणसाने एकट्यानेच आत जायचं असतं, एवढं मला या दुखण्याने शिकवलं.

सोमवारी तुमचा नंबर लावला आहे. डॉक्टरांशी बोललो आहे, ते स्टुलं रिकामी करून घेतील. तुमच्या मनात जे असेल ते सगळं विचारा, आक्काचंही विचारा. मी बाहेर बाकावर बसेन. आत डोकं घालणार नाही. भेटायला येणाऱ्यांना कुठे ऑपरेशन झालं ते मी सांगणार नाही, आणि बाकीचं तर मुळीच सांगणार नाही.

फक्त एक करा. डॉक्टरांनी गाडी कोणती असं विचारलं, तर स्कूटी सांगू नका.

तुमचा,
मास्तर